पीळ

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि उभी हयात शाळेत व्याकरण शिकवण्यात घालवलेल्या माणसाने रायफलीच्या नेमाबद्दल लिहावं, याचं काही जणांना आश्चर्य वाटेल. नात्यातल्या मंडळींना मात्र वाटणार नाही. त्यांना माझा खाकी गणवेश आठवत असेल. १९७९ पासून पंचवीस वर्षं मी शाळेत एन.सी.सी.चा अधिकारी होतो. नागपूरजवळ कामठीला प्रशिक्षण घेऊन आलो होतो. वर्षातून एकदा मुलांना फायरिंग रेंजवर न्यायचं, पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस यार्डांवर कागदी टार्गेट, प्रत्येकी पाच गोळ्या, एवढाच आमचा संसार. एन.सी.सी.च्या हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. आमच्या मुलांना त्याची फार गंमत वाटायची, कारण मराठी शिस्त त्यांना रोज छडीसकट भेटत असे!

तर ही गोष्ट २०२४ च्या उन्हाळ्यातली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळ, माझा भाचा राहतो. ताईचा धाकटा. त्याच्याकडे दीड महिना राहून आलो. त्याचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, मला ‘मामाआजोबा’ म्हणतो. मराठी समजतं, बोलताना अडखळतो. या पोराला नेमबाजीची आवड लागली आहे. तिथे गावोगावी रायफल क्लब असतात आणि मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. बापाने त्याच्यासाठी एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली .२२३ ची बोल्ट रायफल घेतली होती. (म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागे ओढून पुन्हा पुढे लोटायची.)

मी पोहोचलो तेव्हा घरात अबोला होता. जेवताना बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. भाचेसुनेकडून हळूहळू कळलं ते असं. वसंत ऋतूत पोरगा उत्तम नेम मारत होता. शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका इंचात बसवायचा. मग क्लबच्या संघाची निवड जाहीर झाली. तिथे दोनशे यार्डांवर मारायचं होतं. कुणीतरी सांगितलं, लांबच्या पल्ल्याला जड गोळी वापरा, वारा तिला कमी ढकलतो. हे खरंही आहे. म्हणून बापाने पंचावन्न ग्रेनच्या गोळ्या बाजूला ठेवून सत्याहत्तर ग्रेनची महागडी काडतुसं आणली, आणि त्या दिवसापासून पोराचा नेम पार बिघडला. शंभर यार्डांवरसुद्धा आठ-नऊ इंच पसारा. एखादी गोळी तर कागदालाच लागायची नाही. बापाने आधी दुर्बीण बदलली, मग तिपाई बदलली, मग दस्त्याचे स्क्रू आवळले, आणि शेवटी पोराला बोलला, "तुझं लक्ष नाही. घोडा खेचतोस तू. रात्री दोनपर्यंत फोन बघितला की दुसरं काय होणार?"

पोरगा म्हणाला, मग मी सोडतो. निवडीला तीन आठवडे राहिले होते.

इथे ग्रेन म्हणजे काय ते सांगतो. बंदुकीच्या गोळीचं वजन अजूनही ग्रेनमध्ये मोजतात. आपल्याला हे माप परकं वाटतं, पण ते आपल्या घरात होतं. १८३३ साली इंग्रजांनी तोळ्याचं वजन १८० ग्रेन ठरवलं, चांदीचा रुपयाही तेवढाच. म्हणजे शिकारीच्या मोठ्या रायफलीची १८० ग्रेनची गोळी बरोब्बर एक तोळ्याची. तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्या तर पंचावन्न ग्रेनची गोळी झाली साधारण २९ गुंजांची, आणि सत्याहत्तर ग्रेनची ४१ गुंजांची. फरक बारा गुंजांचा, म्हणजे दीड मासा. ग्रॅममध्ये दीड ग्रॅमसुद्धा नाही! एवढ्यावरून एका घरातलं बोलणं बंद झालं होतं.

रविवारी मी म्हटलं, मलाही रेंजवर घेऊन चला. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला तिथे बंदूक हाताळायला कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे मी आपला कानाला मफ लावून, वही घेऊन मागच्या बाकावर. पण पंचवीस वर्षं मुलांची टार्गेटं तपासलेला माणूस मी. मला रायफल नको होती, कागद हवा होता.

कागद आला. पहिल्यांदा पसारा पाहिला. एन.सी.सी.त पहिला धडा हाच असतो की सगळ्या गोळ्या एका ठिकाणी बसल्या पण मध्यावर नाही बसल्या, तर ती चूक वेगळी, आणि गोळ्या चारी दिशांना विखुरल्या तर ती वेगळी. पहिली चूक म्हणजे नुसती झिरोइंगची, दुर्बिणीचा कान पिळला की सुटते. गोळीचं वजन बदललं की ती जागा बदलणारच. जुन्या .३०३ रायफलीचं असंच झालं होतं. आधी तिची गोळी २१५ ग्रेनची होती. १९१० साली इंग्रजांनी १७४ ग्रेनची टोकदार आणि वेगवान गोळी आणली, तेव्हा रायफलींच्या नेमपट्ट्यांवरची अंतरं नव्याने आखावी लागली. त्यात बिघाड काही नव्हता, नुसता हिशेब बदलला होता. पण पोराच्या कागदावर गोळ्या विखुरल्या होत्या. म्हणजे प्रश्न जागेचा नव्हता.

मग भोकं पाहिली, आणि तिथे मी थबकलो. पाचातली दोन भोकं लांबट होती. एक तर चक्क आडवं, कुलपाच्या चावीच्या भोकासारखं. आमच्या पंचवीस यार्डांवर मी हजारो भोकं पाहिली असतील, सगळी गोल. गोळी नाकासमोर गेली तर भोक गोलच पडणार. लांबट भोक पडलं, याचा अर्थ गोळी कोलांट्या घेत कागदावर आडवी आदळली होती. घोडा खेचल्याने गोळी डावीउजवीकडे जाईल, वरखाली जाईल, पण हवेत कोलांटी कशी मारेल? पोराचा हात नळीच्या तोंडापर्यंत. त्यापुढे त्याचं काय चालणार?

मी भाच्याला म्हटलं, "तू स्वतः पाच मार." त्याने मारल्या. तोच पसारा, त्यात एक आडवं भोक. मग म्हटलं, "आता दुसरं काही बदलू नका. तीच रायफल, तीच दुर्बीण, तीच तिपाई, आणि जुन्या पंचावन्न ग्रेनच्या पाच गोळ्या पोराला मारू दे." जुनी पेटी गाडीतच होती. पोराने मारल्या. पाचही सव्वा इंचात, मध्यापासून जराशा वर.

खात्री करायला पुन्हा पाच जड, पुन्हा पाच हलक्या. मध्ये नळी निवू दिली, कारण तापलेली नळीही नेम हलवते. जड गोळ्या पुन्हा विखुरल्या, हलक्या पुन्हा एकत्र. वहीत चार ओळी झाल्या आणि दुर्बीण, स्क्रू, तिपाई, पोराचं जागरण हे सगळे आरोपी एका दमात सुटले. दोष त्यांच्यापैकी कुणाचा असता तर हलक्या गोळ्याही विखुरल्या असत्या.

भाच्याचं चुकलं होतं ते इथे. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहून ठेवायची आणि मग पुढे जायचं.

पण गोळी कोलांटी का मारते? हे मलाही सांगता येत नव्हतं. शेजारच्या बाकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. तरुणपणी व्हिएतनामच्या लढाईत होते, आता घरी स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. आमची चाललेली धडपड ते बराच वेळ पाहत होते. कागदावरचं आडवं भोक पाहून हसले आणि विचारलं, "नळीचा पीळ किती आहे?"

नळीच्या आत आटे असतात हे आपल्याला ठाऊक असतं. ते सरळ नसतात, पिळदार असतात. त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरायला लागते. किती इंचांत एक पूर्ण फेरा, ते त्या नळीचं माप. ‘बारात एक’ म्हणजे बारा इंचांत एक फेरा. ‘सातात एक’ म्हणजे पीळ अधिक घट्ट. गोळी फिरते म्हणूनच नाकासमोर जाते, आपल्या भोवऱ्यासारखी. भोवरा जोरात फिरतोय तोवर एका आरीवर उभा, वेग मंदावला की डुलायला लागतो आणि आडवा. हवेत जाणाऱ्या टोकदार गोळीला समोरची हवा सतत उलटवायला बघत असते. गोळी जितकी लांब, तितकी हवेला उलटवणं सोपं, आणि तितकंच तिला जास्त फिरवायला हवं. ठेंगणा भोवरा थोड्या वेगातही टिकतो, उंच भोवऱ्याला दोरीचा झटका मोठा लागतो.

आता खरी मेख बघा. रायफल तीच, म्हणजे गोळीचा व्यास बदलता येत नाही. मग जड करायची तर ती लांबच करावी लागते. पेटीवर वजन लिहिलेलं असतं, म्हणून आपण वजनावर भांडतो. नळीला वजनाशी देणंघेणं फार नसतं, तिला लांबी कळते. शिसं न घालता नुसत्या तांब्याच्या गोळ्या करतात, त्या तेवढ्याच वजनाला आणखी लांब होतात, कारण तांबं शिशाहून हलकं. त्यांना पीळ आणखी घट्ट लागतो.

पोराच्या नळीवर नुसतं .२२३ कोरलं होतं, पिळाचा पत्ता नाही. गृहस्थांनी मोजायची युक्ती दाखवली. रायफल रिकामी आहे ना, हे दोघांनी दोनदा पाहिलं. बोल्ट काढून बाजूला ठेवला. नळी साफ करायची कांडी घेतली, जिची मूठ मोकळी फिरते तशी. तिच्या टोकाला घट्ट बसेल असा कापडाचा बोळा लावून ती नळीत सरकवली. बोळा आट्यात अडकला की कांडी सरकताना आपोआप फिरते. कांडीवर वरच्या बाजूला पेनाने खूण केली आणि पोराला हळूहळू ढकलायला सांगितलं. खूण फिरत फिरत खाली गेली, परत वर आली. एक फेरा झाला. मधे कांडी किती आत गेली ते मोजलं. बारा इंच. पुन्हा मोजलं, पुन्हा बारा.

मग त्यांनी आपल्या डब्यातून दोन सुट्या गोळ्या काढून पोराच्या तळहातावर ठेवल्या. पंचावन्न ग्रेनची पाऊण इंचाच्या आसपास, सत्याहत्तर ग्रेनची एक इंचाला जराशी कमी. शेजारी शेजारी ठेवल्यावर कुणालाही दिसावं की या एका घरच्या नाहीत.

हिशेबही सोपा निघाला. इंग्लंडमध्ये वुलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे ग्रीनहिल नावाचे प्राध्यापक होते. (मास्तरच शेवटी!) १८७९ साली त्यांनी एक सूत्र दिलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा, की पीळ किती इंचांचा हवा ते मिळतं. आजच्या वेगवान गोळ्यांसाठी १५० च्या जागी १८० धरतात. रायफलीचं नाव .२२३ असलं तरी गोळीचा व्यास .२२४ इंच असतो. त्याचा वर्ग साधारण .०५, आणि १८० ने गुणल्यावर आले ९. या नवाला पाऊणने भागा, बारा येतात. एकाने भागा, नऊ. पोराने बाकावर बसल्या बसल्या वहीत मांडलं आणि माझ्याकडे पाहिलं. हलक्या गोळीला बाराचा पीळ पुरतो. जड गोळीला नवाचा किंवा त्याहून घट्ट हवा. व्यवहारात या जड गोळ्यांना आठाचा पीळ वापरतात, म्हणजे थोडा हात राखून.

बाराचा पीळ म्हणजे फिरणं काही थोडं नसतं बरं का. हलकी गोळी नळीतून सेकंदाला ३२०० फुटांच्या आसपास वेगाने निघते. फुटाला एक फेरा, म्हणजे सेकंदाला ३२०० फेरे, मिनिटाला जवळजवळ दोन लाख! तरीही एक इंचाच्या गोळीला ते अपुरे पडतात.

अमेरिकन सैन्यानेही हा धडा गिरवला आहे. त्यांच्या एम-१६ रायफलीला सुरुवातीला चौदाचा पीळ होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, गोळीला जास्त उलटवते. थंड प्रदेशातल्या चाचण्यांत नेम ढिला पडला आणि १९६३ च्या सुमारास पीळ बाराचा केला. पुढे १९८० साली नाटो देशांनी याच मापाची, पण जास्त लांब, ६२ ग्रेनची गोळी स्वीकारली. ती जुन्या बाराच्या नळीतून धड जाईना, म्हणून नव्या रायफलीला थेट सातचा पीळ दिला. हे सांगताना त्या गृहस्थांचा चेहरा जरा बदलला होता. जुनी रायफल त्यांनी खांद्यावर वागवली होती. मी जास्त विचारलं नाही.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आहे, तिथली हवा विरळ, म्हणजे उलट गोळीला सोयीची. तरीसुद्धा ही जोडी जमत नव्हती. समुद्रकाठी थंडीत मारलं असतं तर आणखी वाईट.

परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "तुझी चूक नव्हती रे. रायफलीची होती." पोरगा खिडकीबाहेर बघत होता. तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "रायफलचीपण नव्हती, बाबा. तिला कोणी विचारलाच नाही." भाच्याने मान हलवली. घरी पोहोचल्यावर त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला तो दारात शिरेपर्यंत काढला नाही. त्या रात्री जेवताना दोघं वाऱ्याचा हिशेब करत होते, आणि भाचेसून माझ्याकडे पाहून हसली.

निवडीला पोरगा जुन्याच पंचावन्न ग्रेनच्या गोळ्या घेऊन गेला. दुपारी वारा सुटला आणि दोनशे यार्डांवर त्याच्या हलक्या गोळ्या ढकलल्या गेल्याच. निवड झाली नाही. पण तो मध्येच उठून आला नाही, शेवटच्या गोळीपर्यंत मारत राहिला आणि कागद घेऊन आला. सगळी भोकं गोल होती. मला आधी तेच दाखवलं. पुढे आठाच्या पिळाची नवी नळी बसवायची ठरली. निम्मे पैसे तो स्वतः कमावणार होता, शेजाऱ्यांचं गवत कापून.

मला आमच्या शाळेतली मुलं आठवत राहिली. वर्गात काही मुलं लवकर ‘ढ’ ठरतात. पुस्तक मोठं, शिकवण्याचा वेग एकच आणि मूल कोलांटी मारतं. मग दुर्बिणी बदलाव्यात तसे क्लास बदलले जातात, स्क्रू आवळावेत तसे कान पिळले जातात, आणि शेवटी ‘लक्ष नाही याचं’ हा शिक्का. त्याच मुलाला त्याला पेलेल असं काही दिलं की ते मध्यावर बसतं. आमच्या एका तुकडीत निबंधाच्या चार ओळीही न लिहिणारा मुलगा होता, पण गावच्या विहिरी खोदताना कुठे किती फुटांवर पाणी लागलं हे तोंडपाठ सांगायचा. ‘आमची विहीर’ असा विषय दिला तेव्हा त्याने तीन पानं लिहिली. भोकं वाचणारं कुणीतरी लागतं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण हट्टी माणसाला टोचून म्हणतो. रायफलीच्या नळीचंही तसंच. तिचा पीळ कारखान्यात ठरतो आणि आयुष्यभर तोच राहतो. रागावून बदलत नाही. मग गोळी बदला, नाहीतर नळी बदला. माणसांच्या बाबतीत तर नळी बदलायचीही सोय नाही.

असो. लांबलं. ताईला सांगायचं राहिलं होतं, ते इथे लिहिलं. तुझा नातू बरा आहे, ताई. नेम चांगला आहे त्याचा. आणि घरात आता जेवताना बोलणं होतं.